सूर्याचे दोन साक्षीदार

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'विज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. हा विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर कोणीही काहीही बोललं तरी चालून जातं, म्हणून मी तो बाजूला ठेवलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, शास्त्रज्ञ नाही. आज मी एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो माझ्या भाच्याने मला विचारला आणि मी त्यात नापास झालो.

भाचा बारावीला आहे. त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो किंवा त्याचा कोणी चुलतभाऊ आलाच असेल. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, पृथ्वी तापतेय ती सूर्यामुळे, धुराचा काही संबंध नाही. दुसरी, सूर्य हजारो वर्षं असाच वरखाली होत आलाय आणि शास्त्रज्ञांना ते माहीत असून ते लपवतात. तिसरी, इ. स. ७७४ मध्ये सूर्यावर एक भयंकर वादळ झालं होतं, ते आता परत येणार आणि ती कयामतची निशाणी आहे. मागे गंभीर आवाज, ढगांचे फोटो, सगळं साग्रसंगीत. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामू, हे खरं आहे का?"

मी एका शब्दात उत्तर दिलं, "खोटं." त्याने लगेच विचारलं, "कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'खोटं' हे मी जसं ऐकून सांगितलं, तसंच व्हिडिओवाला 'खरं' हे ऐकून सांगत होता. आम्हा दोघांत फरक काय राहिला? मग मी वाचायला बसलो. त्यात कळलं की व्हिडिओतल्या तीन गोष्टींमध्ये दीड गोष्ट खरी होती. ती खरी आहे हे माणसाला कसं कळलं, ही हकिगत मला व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त आवडली. आज तीच सांगतो.

रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याची संध्याकाळ आठवा. खजूर तोंडात टाकून सगळे गच्चीवर. मग फोन सुरू. अमुक गावात चाँद दिसला म्हणे. कोणी पाहिला? शहादत मिळाली का? दोघं आहेत का? दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिला, की एकाने पाहिला आणि दुसरा त्याचंच ऐकून सांगतोय? माणूस भरवशाचा आहे का, त्याची नजर कशी आहे? आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे प्रश्न पाठ असतात. हदीसच्या अभ्यासकांनी तर याचं शास्त्रच केलं. सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकलं, त्याची स्मरणशक्ती कशी होती, आणि दोन माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती दोघं एकाच उस्तादाकडून शिकलेली तर नाहीत? हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता सूर्याकडे वळू. सूर्यावर काळे डाग येतात आणि जातात. डाग जास्त असले की सूर्य जास्त 'जागा' असतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र जोरात असतं आणि वादळं जास्त होतात. दुर्बिणीतून हे डाग बघायला सुरुवात झाली १६१० च्या सुमारास. म्हणजे सूर्याची नीट ठेवलेली हजेरी जेमतेम चारशे वर्षांची. त्याआधी काय?

त्याआधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या तुरळक नोंदी आहेत. त्यातली एक बगदादची. इ. स. ८४० च्या सुमारास, खलिफा मुअतसिमच्या काळात, सूर्याच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. इब्न अल-किफ्ती यांनी विद्वानांच्या चरित्रांचा जो ग्रंथ लिहिला त्यात ही नोंद आहे. डाग ९१ दिवस राहिला, असा अल-किंदींचा हवाला त्यात दिलाय. अल-किंदी म्हणजे साधा माणूस नव्हे, त्या काळातला मोठा तत्त्वज्ञ आणि गणिती. पण या डागाचं स्पष्टीकरण काय दिलं गेलं? तर शुक्र सूर्यासमोरून गेला. शुक्राला सूर्यबिंब ओलांडायला काही तास लागतात. ९१ दिवस तो तिथे कसा बसेल? आणि सूर्य स्वतःभोवती साधारण २७ दिवसांत फिरतो, त्यामुळे कुठलाही एक डाग ९१ दिवस सलग दिसूही शकत नाही. तो मावळणार, पलीकडून फिरून परत येणार. म्हणजे पाहणाऱ्यांनी बहुधा खरोखरचे सौरडाग पाहिले. पण अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत अशी की आकाशातल्या वस्तू निष्कलंक असतात. सूर्यावर डाग असूच शकत नाही, मग समोरून काहीतरी गेलं असणार. डोळ्यांनी पाहिलं, आणि डोक्याने ते नाकारलं.

त्याच नोंदीत डागानंतर खलिफा वारला याचाही उल्लेख आहे, जणू दोन्हींचा संबंध असावा. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. त्याच्या दोनशे वर्षं आधी मदिनेत पैगंबरसाहेबांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, या मुलासाठी सूर्य झाकोळला. मुलगा गमावलेल्या बापाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण पैगंबरसाहेबांनी लोकांना स्पष्ट सांगितलं की कोणाच्या जगण्यामरण्यामुळे ग्रहण लागत नसतं. ही हदीस इथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. बगदादमध्येही सगळ्यांनी ऐकलेली होती.

तर, माणसांची साक्ष तोकडी पडते. मग दुसरा साक्षीदार कोण?

आकाशगंगेच्या दूरच्या भागांतून आपल्यावर सतत अतिवेगवान कणांचा मारा होत असतो. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. हे कण हवेवर आदळले की हवेतल्या अणूंची मोडतोड होते आणि न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूत घुसला की कार्बन-१४ तयार होतो. तो किरणोत्सारी असतो. ५,७३० वर्षांत त्यातला निम्मा संपतो. हवेत तो किती असतो? दर एक लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक. तरीही तो मोजता येतो.

आता यात सूर्य कुठे आला? सूर्य जागा असला की त्याच्याकडून वाहणारा चुंबकीय वारा या वैश्विक किरणांना सूर्यमालेच्या आतल्या भागात यायला अटकाव करतो. कमी किरण येतात, कमी कार्बन-१४ बनतो. सूर्य शांत असला की पहारा ढिला पडतो, जास्त किरण येतात, जास्त कार्बन-१४ बनतो. म्हणजे हिशेब उलटा आहे. जास्त कार्बन-१४ म्हणजे झोपलेला सूर्य.

हा कार्बन हवेतून झाडात जातो. झाड दरवर्षी खोडात एक नवं वलय बनवतं, आणि ते वलय त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनचं असतं. वलयं मोजून वर्ष कळतं. त्या वर्षापासून आजपर्यंत किती कार्बन-१४ संपला असेल ते गणिताने कळतं. आज किती उरलाय ते मोजलं की तेव्हा मुळात किती होता हे निघतं. बहुतेक झाडं काही हजारो वर्षं जगत नाहीत. म्हणून जिवंत झाड, जुन्या घराची तुळई, नदीच्या गाळात गाडलेला ओंडका अशी साखळी लावतात. जाड-बारीक वलयांची नक्षी एकमेकांवर जुळवत युरोपातल्या ओक आणि पाइनच्या लाकडांवरून ही साखळी सलग बारा हजार वर्षांच्या मागे गेली आहे.

गंमत म्हणजे हे सगळं एका चुकीतून उघडकीला आलं. कार्बन-१४ वरून वस्तूंचं वय काढण्याची पद्धत विलर्ड लिबी यांनी शोधली. त्यासाठी त्यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी धरून चाललं होतं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं असतं. १९५८ मध्ये हॉलंडमधल्या हेसल दे व्रीस यांनी मोजून दाखवलं की ते सारखं नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीला ते नेहमीपेक्षा जास्त होतं. वय मोजणाऱ्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखी. पण सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात घबाड सापडलं, कारण सतराव्या शतकात सूर्याचं काहीतरी बिनसलं होतं असा संशय आधीपासून होता.

१६४५ ते १७१५ अशी सत्तर वर्षं सूर्यावर जवळजवळ डागच दिसले नाहीत. या काळाला आज माउंडर मिनिमम म्हणतात. आपल्या हिशेबाने सांगायचं तर औरंगजेबाची अख्खी कारकीर्द आणि शिवाजी महाराजांनी उभारलेलं स्वराज्य, दोन्ही याच झोपलेल्या सूर्याखाली घडलं. (यावरून कोणी आता नवा व्हिडिओ काढू नका.) पण शंका अशी होती की डाग नव्हते, की बघणारं कोणी नव्हतं? १९७६ मध्ये जॅक एडी या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने जुनी दप्तरं उलगडून पाहिली. बघणारे होते. पॅरिसला कॅसिनी होते, डान्झिगला हेवेलियस होते, उत्तम दुर्बिणी होत्या. त्या काळात ध्रुवप्रकाशाच्या नोंदीही फार कमी होत्या. आणि झाडांच्या वलयांत कार्बन-१४ वाढलेला होता. सूर्याकडे कधीही न पाहिलेल्या झाडांनी पॅरिसच्या दुर्बिणीला दुजोरा दिला.

पण इथपर्यंत साक्षीदार एकच झाला. आणि त्याच्यात खोट आहे. कार्बन-१४ हवेत बनला की सरळ झाडात जात नाही. तो हवेत मिसळतो, समुद्रात जातो, समुद्रातून परत येतो. या फिरण्यात चढउतार बोथट होतात. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात कार्बन-१४ बनण्याचा वेग बराच बदलतो, पण हवेतल्या प्रमाणात फरक पडतो हजारात दोन-चार भागांचा. शिवाय उद्या समुद्राचे प्रवाह बदलले तरी हवेतला कार्बन-१४ बदलेल, आणि आपण त्याचं बिल सूर्याच्या नावावर फाडू.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. वैश्विक किरणांच्या याच मोडतोडीत बेरिलियम-१० नावाचा किरणोत्सारी अणूही बनतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं. पन्नासच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे बर्नार्ड पीटर्स काम करत होते. जन्माने जर्मन ज्यू. हिटलरच्या दाखाऊ छळछावणीत राहून आलेले. अमेरिकेत गेले, तर तिथे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशांचा ससेमिरा लागला, आणि ते होमी भाभांच्या संस्थेत आले. त्यांच्याबरोबर होते देवेंद्र लाल. वाराणसीचे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. पुढे ते या विषयातले जगातले आघाडीचे शास्त्रज्ञ झाले. या गटाने पावसाच्या पाण्यात वैश्विक किरणांनी बनलेलं बेरिलियम शोधलं, आणि खोल समुद्राच्या तळाच्या गाळात बेरिलियम-१० मोजलं. हे शोधनिबंध १९५६-५७ चे आहेत. अमेरिकेत जेम्स आर्नोल्ड यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच केलं. एका देशाने नको म्हटलेला माणूस दुसऱ्या देशात येऊन पावसाचं पाणी तपासत बसतो आणि त्यातून सूर्याच्या इतिहासाचं एक दार उघडतं. मला ही गोष्ट कोणी शाळेत का सांगितली नाही कोण जाणे.

बेरिलियम-१० चा प्रवास कार्बन-१४ पेक्षा अगदी वेगळा. तो वायू होत नाही. धुळीच्या बारीक कणांना चिकटतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाऊस किंवा बर्फाबरोबर खाली येतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर दरवर्षी बर्फाचा एक थर बसतो, त्यात तो अडकतो. तिथे खोल भोक पाडून बर्फाचे लांब दंडगोल काढतात आणि थर मोजतात. एक ग्रॅम बर्फात बेरिलियम-१० चे अणू असतात दहा हजारांच्या आसपास. मिठाच्या एका कणात याच्या लाखो कोटींपट अणू असतात. हे मोजायला कणांना वेग देणारं यंत्र लागतं. या साक्षीदाराचीही खोट आहे. त्या वर्षी तिथे बर्फ किती पडला, वारा कुठून वाहत होता, यावर त्याचं प्रमाण हलतं.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हर पडला की आम्ही लॉग बघतो. एका मशीनच्या लॉगवर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. दोन वेगळ्या मशीनच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला तोच गोंधळ दिसला की मग म्हणायचं, हं, खरंच काहीतरी झालं. इथेही तसंच. समुद्राचा प्रवाह बदलला तर कार्बन-१४ हलेल, ग्रीनलंडच्या बर्फातल्या बेरिलियमला त्याचं फारसं काही नाही. ग्रीनलंडला बर्फ कमी पडला तर बेरिलियम हलेल, झाडाला पत्ताही नाही. दोघंही एकाच वेळी तीच गोष्ट सांगत असतील तर कारण वाटेत नाही, जिथे दोघं जन्माला आले तिथे आहे. माउंडर मिनिममच्या काळात दोघंही चढलेले आहेत. त्याआधीच्या १४५० ते १५५० च्या सुमाराच्या शांत काळात, ज्याला श्पोरर मिनिमम म्हणतात, तिथेही दोघं चढलेले आहेत. अशा शांत काळांची मागे हजारो वर्षं जाणारी यादी आता हातात आहे.

आता तो मघाचा प्रश्न. दोघांचा उस्ताद एकच तर नाही?

आहे! वैश्विक किरण अडवणारे दोन आहेत. एक सूर्य, आणि दुसरं पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र. पृथ्वीचं चुंबकत्व कमी झालं तरी कार्बन-१४ आणि बेरिलियम-१० दोन्ही वाढणार, आणि सूर्य बिचारा निर्दोष असणार. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व एकदा फार दुबळं झालं होतं, तेव्हा बर्फातलं बेरिलियम-१० दुपटीच्या घरात गेलं. म्हणजे दोन साक्षीदार पटले तरी निकाल देता येत नाही. तिसरा बोलवावा लागतो. तो तिसरा कोण? भाजलेली माती. मडकं, वीट, भट्टीचा तळ. मातीत लोहाचे बारीक कण असतात. भट्टीत तापून थंड होताना ते त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व स्वतःत कोंडून घेतात. किती जोर होता तेही त्यातून काढता येतं. हजारो वर्षांपूर्वीच्या कुंभारांनी नकळत ठेवलेली ही नोंद. ती वजा केली की उरतो तो सूर्य. अर्थात ही वजाबाकी सोपी नाही. २००४ मध्ये एका युरोपीय गटाने असा निष्कर्ष काढला होता की विसाव्या शतकातल्याइतका जागा सूर्य त्याआधीच्या आठ हजार वर्षांत कधी नव्हता. दुसऱ्या गटांनी हिशेब तपासला आणि म्हटलं, जागा होता हे खरं, पण इतका विरळा नाही. वाद अजून चालू आहे. तो शोधनिबंधांत चालतो, आकडे मांडून. लपवालपवी ती कुठे?

आता ७७४. जपानच्या नागोया विद्यापीठात फुसा मियाके नावाची तरुणी पीएच. डी. करत होती. याकुशिमा बेटावरच्या जुन्या देवदाराची वलयं ती एकेका वर्षाने मोजत होती. बहुतेक जण तेव्हा पाच-दहा वर्षांची वलयं एकत्र करून मोजायचे, कारण काम किचकट आणि महागडं. तिला दिसलं की ७७४ ते ७७५ या एका वर्षात कार्बन-१४ हजारात बारा भागांनी उडी मारतो. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग जर्मनीच्या, अमेरिकेच्या, रशियाच्या झाडांत पाहिलं. सगळीकडे तीच उडी, त्याच वर्षी. सुरुवातीला कोणी म्हणालं, दूरच्या ताऱ्याचा स्फोट असेल. २०१५ मध्ये ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात बेरिलियम-१० आणि क्लोरीन-३६ यांची एकत्र मोजणी झाली. त्यांच्यातलं प्रमाण सूर्याकडून आलेल्या प्रोटॉनशी जुळत होतं. म्हणजे सूर्याने त्या वर्षी कणांचा असा लोट फेकला की यंत्रं आल्यापासून आपण तसा एकदाही पाहिलेला नाही.

तेव्हा बगदाद नवं कोरं होतं, बारा वर्षांचं. खलिफा मन्सूरची राजवट. ७७५ च्या ऑक्टोबरात तो हजच्या वाटेवर मक्केजवळ वारला. मुअतसिमच्या डागासारखाच इथेही धागा जोडायचा मोह होईल. जोडू नका. सूर्याला मन्सूरची खबर नव्हती.

त्या काळच्या माणसांना काही दिसलं का? अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात याच सुमारास सूर्यास्तानंतर आकाशात लाल क्रूस दिसल्याचं लिहिलंय. तो ध्रुवप्रकाश की आणखी काही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ध्रुवप्रकाश पाहिल्यावर माणसाचं काय होतं ते इब्न फदलानने लिहून ठेवलंय. खलिफाच्या दूतमंडळात तो ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या बल्गारांकडे गेला. रात्री आकाश आगीसारखं लाल झालं, त्यात घोडेस्वार लढताना दिसू लागले. बगदादहून आलेली मंडळी घाबरून दुआ करू लागली. गावकरी त्यांना हसले. राजाला विचारलं तर तो म्हणाला, आमचे पूर्वज सांगत की हे जिन्न आहेत, मोमिन आणि काफिर, रोज रात्री लढतात. इब्न फदलान मला आवडतो. जे दिसलं ते तो लिहितो, जे ऐकलं ते 'असं म्हणतात' म्हणून वेगळं लिहितो.

७७४ चा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो घड्याळ लावायला. ग्रीनलंडच्या बर्फात ७७४ चा ठसा सापडला, पण तो थर मोजणीप्रमाणे ७७४ चा नव्हता! बर्फाचे थर मोजताना पहिल्या सहस्रकात सात वर्षांपर्यंतची चूक साचत गेली होती. दोन सर्व्हरची घड्याळं पुढेमागे असली की काय होतं ते इथल्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. २०१५ मध्ये ही चूक दुरुस्त झाली आणि एक जुनं कोडं सुटलं. इ. स. ५३६ मध्ये सूर्य वर्षभर फिका पडला होता असं प्रोकोपियस लिहितो. झाडंही सांगतात की तेव्हा कडाका पडला. पण बर्फातल्या ज्वालामुखीच्या खुणांची तारीख जुळत नव्हती. घड्याळ दुरुस्त केल्यावर जुळली. सूर्य ठीक होता, मध्ये ज्वालामुखीची धूळ आली होती. दुसरी अशीच उडी ९९३ ची, तीही मियाके यांनीच शोधली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये व्हायकिंगांनी लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडात तिचं वलय सापडलं. तिथून सालीपर्यंत वलयं मोजली, २८ भरली. म्हणजे झाडं तोडली १०२१ मध्ये. कोलंबसाच्या पावणेपाचशे वर्षं आधी युरोपची माणसं तिथे होती, हे सालासकट.

आता भाच्याचा प्रश्न. मागून पुढे जातो.

७७४ परत येईल का? येऊ शकतं. गेल्या साडेचौदा हजार वर्षांत पक्क्या सापडलेल्या अशा घटना हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या आहेत. आज झाली तर उपग्रहांचं मोठं नुकसान होईल, ध्रुवाजवळून जाणारी विमानं वळवावी लागतील. त्याची काळजी करणारे लोक आहेत आणि ती त्यांनी करावी. पण ७७४ नंतर जग साडेबाराशे वर्षं चालू आहे. ज्याने व्हिडिओ बनवला त्याने ते वर्ष झाडांकडून उसनं घेतलं आणि झाडांनी न सांगितलेली गोष्ट त्याला चिकटवली. कॉलेजात असताना मीही असे व्हिडिओ पुढे पाठवत होतो. 'हे आपल्याकडे आधीच लिहिलेलं होतं' या जातीचे जास्त. तेव्हा फार अभिमान वाटायचा. शोध लागायच्या आधी त्या ओळीत ते कोणाला दिसलं होतं का, हे मी कधीच विचारलं नाही.

आणि पृथ्वी सूर्यामुळे तापतेय का? सूर्य वरखाली होतो हे खरं, तेच तर इतका वेळ सांगतोय. १९७८ पासून उपग्रह सूर्याची उष्णता थेट मोजतायत. अकरा वर्षांच्या चक्रात ती हजारात एका भागाने हलते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सूर्य वाढलेला नाही, उलट किंचित उतरलाय. २००८ ते २०१९ हे चक्र शंभर वर्षांतलं सगळ्यात दुबळं होतं. त्याच काळात पृथ्वी तापतच गेली. शिवाय सूर्य तापवत असता तर वरची हवाही तापली असती. वरची हवा थंड होतेय.

पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाडांतल्या कार्बन-१४ वरून सूर्य वाचणं अवघड होत जातं. का? कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून होतं. त्यातला कार्बन-१४ कधीच संपलेला. ते जाळलं की हवेत असा 'मेलेला' कार्बन येतो आणि प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये हे झाडांच्या वलयांत दाखवलं. पुढे अणुबॉम्बच्या चाचण्यांनी १९६३-६४ पर्यंत हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला, आणि मग तर सूर्याचा आवाज पार बुडाला. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या जिवावर व्हिडिओवाला म्हणतो की सूर्य हजारो वर्षं वरखाली होतोय, तोच साक्षीदार पुढच्या वाक्यात म्हणतो की हवेत वाढलेला हा कार्बन जमिनीखालून काढलेला आहे. त्याचं पहिलं वाक्य घ्यायचं आणि दुसऱ्या वेळी कानात बोटं घालायची, हे चालणार नाही.

हे सगळं मी भाच्याला लिहून पाठवलं. बरंच लांब झालं. त्याचं उत्तर आलं, "मामू, हे तुम्ही स्वतः मोजलं का?"

नाही मोजलं. पण वाचताना एक गोष्ट हाती लागली. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं एक मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा माणसं हाताने आकडे लिहून घेत होती. सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची एकदम घसरण त्यांनी टिपली. आज जगातले अभ्यासक त्या वादळाबद्दल बोलताना कुलाब्याच्या त्या आकड्याकडे येतात. आणि झाडांच्या वलयांत त्या वादळाची ठळक खूण सापडत नाही. यावरून ७७४ च्या मापाचा थोडा अंदाज यावा. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांचा मापनात अडथळा होईल, म्हणून पुढे ही मोजणी अलिबागला हलवली. १९०४ पासून ती तिथे चालू आहे.

अलिबागच्या त्या वेधशाळेला पत्र लिहून भेटीची परवानगी मागायची असं मी आणि भाच्याने ठरवलंय. मिळाली तर रेवसपर्यंत बोटीने जाऊ. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या सुट्टीत नावं द्या. दिवस रविवारचाच ठेवतोय, म्हणजे जुम्याची अडचण नको. आता प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा.